इंजिनाला ताप

"मी रिक्षाने जाते," असं सिस्टर सकाळपासून म्हणत होती. आज तिची मुलाखत होती, मुख्य परिचारिकेच्या जागेसाठी. उशिरा आलेल्याला समिती दारातूनच परत पाठवते, हे साऱ्या रुग्णालयाला ठाऊक होतं. पण तिच्या नवऱ्याने नुकतीच मोटरसायकल घेतली होती, आणि नवी गाडी घेतलेला माणूस बायकोला रिक्षाने जाऊ देत नाही.

"अगं, लिक्विड कूल्ड इंजिन आहे. गरम होणं म्हणजे काय, हे या गाडीला माहीतच नाही."

अर्ध्या वाटेवर गाडीला ते माहीत झालं.

"अहो, तो लाल दिवा कसला?" सिस्टरने मागून विचारलं.

"असतो तो."

"मघाशी नव्हता."

"मघाशी गरज नव्हती."

मग फॅन घरघरू लागला, पायांना आच लागू लागली आणि त्याने निमूटपणे गाडी कडेला घेतली. थांबली ती नेमकी त्याच्या सासऱ्यांच्या, म्हणजे सिस्टरच्या वडिलांच्या दुकानासमोर.

सासऱ्यांची सारी हयात गाड्यांची सीट कव्हरं शिवण्यात गेली होती. मोतीबिंदूने दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी मशीन झाकून ठेवलं. पुढे ऑपरेशन झालं, लख्ख दिसू लागलं, तरी मशीन काही उघडलं नाही. "हात चुकला तर लोक हसतील," म्हणायचे आणि दुकानात नुसते रस्ता बघत बसायचे. सिस्टरला मुलाखतीपेक्षा याचीच काळजी जास्त होती.

"काय जावईबापू, थांबलात?"

"तुम्हालाच भेटायला, बाबा."

"मुलाखतीच्या वेळेला?"

जावईबापूंनी घाईघाईने मेकॅनिकला फोन लावला.

"आधी इंजिन बंद करा," मेकॅनिक म्हणाला. "आणि रेडिएटरचं झाकण उघडू नका. गरम पाणी तोंडावर उडेल."

झाकणाकडे गेलेला हात जावईबापूंनी मागे घेतला.

"बाजूच्या टाकीत कूलंट आहे?"

"आहे. दोन रेघांच्या मधोमध."

"कुठे गळतंय? पाइप दबलाय?"

"नाही. नाही."

"चावी फिरवा. फॅन चालतो?"

"विमानासारखा."

"मग काही प्रॉब्लेम नाही."

"प्रॉब्लेम नाही तर दिवा कसला?"

"तेच कळत नाहीये ना, साहेब."

इकडे सिस्टर हात करून करून थकली होती. येणारी प्रत्येक रिक्षा भरलेली होती. "माणसाला एवढा ताप असता तर एव्हाना सलाइन लावलं असतं," ती पुटपुटली.

"सारखं घड्याळ बघू नकोस गं."

"मग काय, तुमचा फॅन बघू?"

फोनमधून पुन्हा आवाज आला. "साहेब, फॅनच्या मागे हात धरा. गरम वारा लागतो का?"

त्याने जपून हात धरला. फॅन जीव तोडून फिरत होता, पण वारा म्हणाल तर नावालाही नव्हता.

"म्हणजे रेडिएटरची जाळी समोरून बुजलीय. चिखल, कागद, काय अडकलंय ते बघा."

इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता जावईबापू रस्त्यावर आडवे झाले. पुढच्या चाकामागे डोकावून बघतात तर जाळी गायब! जाळीच्या जागी काळं कुळकुळीत रेक्झिन, मापात घट्ट बसवलेलं. कडेने इलॅस्टिक आणि वरून निळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण, पट्टी लावून रेघ मारावी तशी सरळ.

सिस्टरही वाकली आणि वाकलेलीच राहिली. निळ्या दोऱ्याशिवाय दुसरा दोरा न वापरणारा शिवणारा तिच्या माहितीत एकच होता.

"काल तुम्ही गाडी इथे लावून भाजी आणायला गेला होतात ना?" तिने हळूच विचारलं. तिचे डोळे भरून आले होते. "बाबांनी शिवलंय. मशीन उघडलं त्यांनी!"

"अगं, पण त्यानेच तर…"

"एक अक्षर बोलू नका. त्यांना कळलं तर पुन्हा सुईला हात लावणार नाहीत. माझी मुलाखत गेली तरी चालेल."

"सापडलं का काही?" सासऱ्यांनी पायरीवरून विचारलं.

"बाबा, जरा पाणी देता प्यायला?"

ते आत वळताच जावईबापूंनी हाताला रुमाल गुंडाळून कव्हर ओढलं. सासऱ्यांचं इलॅस्टिक, ते सहजासहजी कसलं सुटतंय! शेवटी फट्‌कन निघालं ते चांगलंच तापलेलं, आणि तेवढ्यात सासरे तांब्या घेऊन दारात हजर. लपवायला जागा एकच होती. जावईबापूंनी ते तसंच पॅंटच्या खिशात कोंबलं.

"काय झालं होतं?"

"पाइपात हवा अडकली होती, बाबा. निघाली."

"अस्सं. आणि तुमचा पाय का नाचतोय?"

"आनंद झालाय."

गाडी जरा निवू दिली, तो वेळ सिस्टरने ओठ चावत काढला. मग चावी फिरवली. लाल दिवा गेला होता. शिपाई सिस्टरचं नाव दुसऱ्यांदा पुकारत होता तेव्हा ती धापा टाकत दारात पोचली.

संध्याकाळी दोघं दुकानात आली ती पेढ्यांसारखी गोड बातमी घेऊन: निवड झाली होती. आतून मशीनचा खडखडाट ऐकू आला आणि सिस्टर उंबऱ्यावरच थांबली. हा आवाज तिने कितीतरी दिवसांनी ऐकला होता.

बातमी ऐकून सासऱ्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग मशीनखालून काहीतरी काढून जावयासमोर धरलं. कव्हर! नवरा-बायकोने घाबरून एकमेकांकडे पाहिलं.

"घाबरू नका. रेडिएटरला या वेळी मच्छरदाणीची जाळी लावलीय. चिखल अडेल, हवा जाईल."

"बाबा, म्हणजे तुम्हाला…"

"खिशातून निळा दोरा लोंबत होता, जावईबापू. डोळे नवे आहेत माझे." सासऱ्यांनी आणखी एक कव्हर उलगडलं. "हे सीटचं. याला आतून चोरखिसा ठेवलाय. पुढच्या वेळी काही लपवायचं झालं तर यात टाका. पॅंटमध्ये भाजतं."