सात दिवसांचा रिस्पॉन्स

सोमवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी काळुरामने ठरवलं, की लेकीच्या स्थळाला उत्तर द्यायचं ते घाईत नाही, पद्धतशीर द्यायचं. ठरवलं एवढंच. (बाकीचं आपोआप घडलं.)

वडखळजवळच्या गावातून तो बावीस वर्षं रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जात होता, पॅनेल ऑपरेटर म्हणून. दहावीला त्याचं इंग्रजी राहिलं होतं; ते पुढे पॅनेलने शिकवलं. आपलं एका 'उत्तर' शब्दावर भागतं, पण साहेबाच्या भाषेत त्याचे केवढे प्रकार! भांड्यात रसायनं एकमेकांना भेटली की रिॲक्शन. लाल दिवा लागून भोंगा वाजला की बटण दाबून 'कळलं' म्हणायचं, ते ॲक्नॉलेज. मग जे काय करायचं, तो रिस्पॉन्स. आणि व्हॉल्व्ह खरंच उघडला का, हे पॅनेल उलट सांगतं, तो फीडबॅक. हे शब्द वहीत उतरवून झाले तेव्हा त्याने, देव्हाऱ्यापुढे जोडावेत तसे, नकळत हात जोडले होते.

तर सोमवारी रोह्याहून मुलाच्या, म्हणजे अमोलच्या आईचा, इंदुबाईंचा मेसेज आला. 'मनस्वी पसंत हाय. तुमचं रविवारपर्यंत कळवा. खांब गावचं एक स्थळ थांबलंय.'

मनस्वीलाही अमोल आवडला होता. पाहायला आले त्या दिवशी ती त्याला तीनदा साखर विचारून गेली, तेव्हाच घरात सगळ्यांना कळलं होतं. (काळुरामला बायकोने, हौसाने सांगितल्यावर कळलं.)

काळुरामने टाइप केलं, 'निरोप मिळाला.' फोन गप्प झाला. पॅनेलवरचा भोंगा अस्साच गप्प होतो. त्याला भरून आलं.

"अवो, व्हय म्हनून लिवा ना," हौसा म्हणाली.

"हे ॲक्नॉलेज झालं. आता घरातल्या प्रत्येकाची रिॲक्शन घ्यायची, मग रिस्पॉन्स. सांग गो, एक ते दहात अमोलला किती देशील?"

"अमोलला धा. तुमचं इचारू नका."

मंगळवारी हौसाचा फॉर्म भरून झाला, बुधवारी मनस्वीचा. गुरुवार-शुक्रवार मसुदा. शनिवारी काळुराम फेअर कॉपी करत असताना मनस्वी शेजारी येऊन बसली.

"बाबा, तुमीच सांगता ना, बटन दाबलं की भोंगा थांबतो. आतलं तापनं थांबतं काय?"

काळुराम थक्क झाला. केवढं अचूक बोलली पोर! त्याने ते वाक्य वहीत उतरवलं, खाली तिची सही घेतली आणि पुढच्या पानाला लागला.

रविवारी मायलेकी पेणच्या बाजाराला म्हणून सकाळीच गेल्या. काळुराम चार पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रोह्याच्या एसटीत बसला. इंदुबाईंच्या दारात पोचला, तर आतून ओळखीचं हसू ऐकू आलं. हौसा लाडू खात होती. मनस्वी अमोलला साखर विचारत होती. भटजींनी पंचांग उघडलं होतं.

"या, व्याही!" इंदुबाई म्हणाल्या. "तुमचं 'निरोप मिळाला' आलं, पुढं कायच नाय. आमाला वाटलं, टाळतायत. मंगळवारी हौसाताईंना फोन लावला, तर त्या बोलल्या, 'व्हय हाय, रविवारी येतो.' झालं!"

"आणि मला नाय सांगितलं?" काळुरामने हौसाला विचारलं.

"तुमी लिवत हुतात. म्हटलं मदीच कशाला उठवा."

काळुरामने तिच्याकडे पाहत मनात पॅनेल मांडलं. भोंगा, दिवा, व्हॉल्व्ह, फीडबॅक, सगळं एका 'व्हय'मध्ये! बावीस वर्षांत एवढा वेगवान रिस्पॉन्स त्याने पाहिला नव्हता, आणि तो रोज त्याच्याच घरात भाकऱ्या थापत होता.

तरीपण चार पानं होतीच. त्याने ती दोन्ही हातांनी इंदुबाईंपुढे धरली. त्यांनी ती मार्जिनपासून सहीपर्यंत अदबीने पाहिली, घडी करून फळीवर ठेवली.

"मिळाली हो," त्या म्हणाल्या, आणि पोह्यांवर खोबरं घालायला आत गेल्या.