एका टाळाचे दोन धनी

आमच्या आसगावच्या डोमाजीबुवांनी टाळांची जोडी आजवर एका माणसाच्या हातात दिलेली नाही. नवी जोडी आली की ते आधी तिची दोरी कापतात. एक चकती एकाला, दुसरी त्याच्या समोर बसलेल्याला. समोरासमोर कोणाला बसवायचं हे बुवा आवाज बघून नव्हे, भांडण बघून ठरवतात. ज्या दोघांचं वर्षभर जमलं नाही त्यांना गुडघ्याला गुडघा लावून बसवायचं आणि म्हणायचं, "हं, वाजव लेका. एकट्यानं वाजते काय, पाह्य."

वाजत नाही. म्हणून आमच्या मारुतीच्या देवळात दर शनिवारी चौकात एकमेकांची सावली टाळणारी माणसं घाम गाळत एकमेकांच्या चकतीवर चकती आपटत असतात. आणि गावात पक्ष किती म्हणाल तर मोजेमोजेपर्यंत धान कापणीला येईल. माझ्या माहितीतलं एक घर आहे, सासऱ्याचा झेंडा वेगळा, जावयाचा वेगळा आणि पोळ्याला बैलाच्या शिंगांना तिसऱ्याच पक्षाचा रंग.

बुवा या भजनी मंडळाचे अधिकृतपणे कोणीही नाहीत. जाजम तेच झाडतात, पखवाजाला कणीक तेच लावतात, काळा चहा तेच उकळतात. पण अध्यक्षपद काढलं की अंगावर पाल पडल्यासारखे दचकतात. "अध्यक्ष कायले पाह्यजे? अध्यक्ष आला का माजी अध्यक्ष आला. मंग दोन मंडळं झाली समजा!"

त्यांचा तालाचा कान फार तिखट. पवनीच्या एसटीने एकदा देवळापुढे अवेळी हॉर्न मारला, तर बुवा गाडीपुढे आडवे झाले. "सम सोडून मारला बे!" तेव्हापासून ड्रायव्हर आधी मान डोलावतो, मग हॉर्न मारतो. बुवा तळ्याच्या पाळीवरून गुणगुणत गेले की पाण्यातल्या म्हशी धुमाळीच्या ठेक्यात रवंथ करतात. मी पेटी वाजवतो, मला ठेका कळतो. खोटं वाटत असेल त्यांनी म्हशींना विचारावं.

आणि एवढा तालाचा माणूस स्वतः मात्र टाळ धरत नाही. गुडघ्यावर हाताने ठेका देतो. समोर जाजमावर एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी सोडतो. कोणी चुकून टेकला की ओरडतो, "ऊठ तिथून! मारुती बसते तिथं." जिथे देवाचं नाव निघतं तिथे मारुती ऐकायला येतो, हे सगळ्यांना पटतं. देवळात मारुती असताना त्याला आणखी जाजम कशाला, हे विचारायची हिंमत कोणाला नव्हती.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. केवळराम आणि श्रावण, बुवांची सगळ्यात जुनी टाळजोडी, सरपंचपदाला समोरासमोर. केवळराम जिंकला. मिरवणुकीतला डीजे श्रावणच्या दारापुढे इतका वेळ वाजला की त्याच्या घरावरची मातीची कवेलू नाचत नाचत शेजारच्या छपरावर गेली. श्रावणने जाहीर केलं, "मी त्या देवळात पाय नाही ठेवत. आपलं मंडळ आपण काढू, विठ्ठलाच्या देवळात." अर्धे लोक त्याच्या मागे गेले. त्याची चकतीही गेली.

शनिवारी नवा सरपंच आपली चकती घेऊन बसला. समोर कोणी नाही.

"बुवा, दुसरी जोडी द्या ना."

"नाही. भजन होईन तर ह्याच जोडीवर."

"आन् श्रावण नाहीच आला तं?"

"मंग बसून राह्य."

त्या शनिवारी भजन झालं नाही. आसगावात असं कधी घडलं नव्हतं. सप्ताह तोंडावर आलेला, आणि शेवटी गोपालकाल्याच्या दोन हंड्या दोन देवळांत फुटणार हे जवळजवळ ठरलंच.

दुसऱ्या दिवशी बुवा मला घेऊन श्रावणच्या घरी गेले. मला वाटलं, हात जोडतील. श्रावणलाही तेच वाटलं असावं, तो खाटेवर ताठ बसला. समोरच त्याची चकती खिळ्याला टांगलेली.

"बरी लटकवली," बुवा म्हणाले. "माह्या घरी बी एक अशीच हाय."

"कोनाची जी?"

"माह्यीच. जोडीची दुसरी माह्या भावाजवळ, नाकाडोंगरीले. इलेक्शनमंधी भांडलो आम्ही. त्याचा उमेदवार येगळा, माहा येगळा. तो चकती घेऊन जो गेला, जिल्ह्याच्या पार त्या टोकाले."

"मंग निवडून कोन आलं?"

"दोघंही पडले ना बापा."

श्रावणला हसू आलं. ते अर्धं बाहेर येऊन थांबलं.

"मंग तुम्ही जात काहून नाही त्याच्याकडं?"

"लाज वाटते. दुसऱ्याईले सांगनं सोपं हाय." बुवांनी चपला शोधल्या. "एखाद्या शनिवारी तो येईन म्हून जागा ठेवून राहिलो."

परतताना एसटीच्या ड्रायव्हरने मान डोलावून हॉर्न मारला. बुवांनी मान वर करून बघितलंही नाही.

पुढच्या शनिवारी श्रावण आला. केवळरामकडे न बघता त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि पहिलाच टोला असा हाणला की सरपंचाच्या मनगटाला आठवडाभर हळद लागत होती. पण ताल चुकला नाही. पुढे दोघं अधूनमधून बोलूही लागले, बहुतेक शिव्याच. सप्ताहाला हंडी एकच फुटली.

काल्याच्या दिवशी सरपंचाच्या पक्षाचा कोणी मोठा साहेब गाडीतून उतरला. देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. साहेबांना बुवांपुढची रिकामी जागा दिसली आणि ते तिकडे वळले.

"तिथं नको साहेब!"

केवळराम आणि श्रावण. एकाच वेळी, एकाच पट्टीत.

"मारुती बसते तिथं," केवळराम म्हणाला. साहेबांना त्याने स्वतःची जागा दिली आणि श्रावणच्या अर्ध्या मांडीवर कसाबसा टेकला.

मी पेटीवरून बुवांकडे बघितलं. मान खाली होती. गुडघ्यावरचा हात वर गेला होता आणि समेवर खाली आलाच नाही.