मार्तंड मास्तरांचा उतलेला ओठ

साखरपुडा तोंडावर आला आणि मार्तंड मास्तरांचा खालचा ओठ उतला. आरशात पाणी भरलेले फोड बघून त्यांना नवल वाटलं नाही. चांगलं काही होऊ घातलं की आपलं काहीतरी बिघडणारच, हे ते धरूनच चालत. खरी भीती वेगळी होती. चारुशीला आणि ते वर्षभर चोरून भेटत होते. स्थळ मात्र मध्यस्थामार्फत, जणू दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंच नाही, असं सुचवलं गेलं होतं. हे तिच्या वडिलांना कळलं असतं, तर मुलीला जन्मभर घरात बसवलं असतं, पण असला जावई केला नसता.

वडील म्हणजे विष्णुपंत, धाराशिवच्या कोर्टात कारकून. पुराव्याशिवाय ते स्वतःच्या पडशावरही विश्वास ठेवत नसत.

"उष्णतेनं झालंय," ओठाकडे बघणाऱ्या पंतांना मास्तर म्हणाले.

"हे तुमचं म्हणणं झालं. उमरग्याचे सोमलिंग डॉक्टर म्हणायलेत, असला एक रोग एकाकडून दुसऱ्याला लागतो अन् रक्तात त्याची खूण राहते. पुण्याच्या प्रयोगशाळेसाठी रक्त गोळा करायलेत ते. देऊन टाकू."

साखरपुडा पुढं गेला. दुसऱ्याच दिवशी तिघं उमरग्याच्या एस.टी.त बसले. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय निकाल नाही, म्हणून पंतांनी मुलीचं आणि स्वतःचंही रक्त द्यायचं ठरवलं होतं. वाटभर मास्तर पुढच्या बाकावरच्या वेणीकडे अनोळखी माणसासारखं बघत राहिले. फार कष्टाचं काम होतं ते.

रक्त बर्फात घालून पुण्याला गेलं. उत्तर यायला महिना लागला. तोवर मास्तरांचा ओठ भरून आला आणि गाल बसले. तिघं पुन्हा दवाखान्यात हजर झाले.

"मास्तरांच्या रक्तात काही न्हाय," डॉक्टर म्हणाले. "खूण हाय ती तुमच्या अन् मुलीच्या."

पंतांचा चेहरा उतरला. "आमच्या घरात आजवर कुणाचा ओठ उतला न्हाई."

"उतायलाच पाहिजे असं न्हाय. लहानपणी एखाद्या मावशीनं मुका घेतला तरी लागतंय. त्या विषाणूशी झुंजायला शरीर रक्तात पहारेकरी उभं करतंय, तीच ही खूण. कधी आला, कुणाकडून आला, ते रक्त सांगत न्हाय. आपल्या तालुक्यात निम्म्याहून जास्त लोकांत सापडंल. ह्यात कमीपणा कसला?"

मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच मोठेपणा करायची संधी मिळाली. "माझी काही हरकत नाही," ते म्हणाले. पंतांचे डोळे पाणावले. मास्तरांनी तिथंच उठायला हवं होतं.

"म्हणजे ह्यांचा ओठ उष्णतेनंच उतला होता?" पंतांनी जाता जाता विचारलं.

"छे, फोड त्याच रोगाचे. पण रक्त लई लवकर घेतलं आपण. पहारेकरी उभं राहायला काही आठवडे जातात. म्हणजे ह्यांना रोग नवाच लागलेला, ओठ उतायच्या थोडं आधी. कुणाचं तरी उष्टं खाल्लं असणार." डॉक्टर विषयात रंगले होते.

पंत परत खुर्चीत बसले. शाळेच्या गावी, बेंबळीत, मास्तर एकटे राहत, हातानं रांधून खात.

"कुणाचं उष्टं, मास्तर?"

गप्प बसावं तर बाहेरख्याली ठरणार, बोलावं तर चारुशीला जाणार.

"पेरू होता, अण्णा," चारुशीला जमिनीकडे बघत म्हणाली. "एकच मिळाला होता."

परतीच्या गाडीत मास्तरांनी मनातल्या मनात लग्न मोडलं, बदलीसाठी अर्ज केला आणि म्हातारपणही एकट्यानं काढून टाकलं. नळदुर्गला गाडी थांबली. पंत उतरले, तोंडावर पाणी मारून आले आणि मास्तरांच्या शेजारी बसले.

"परक्या माणसासमोर झालंय हे. आता दुसरं स्थळ बघायची सोय राहिली न्हाई. येत्या गुरुवारी लग्न उरकू. वाजंत्री न्हाई, वरात न्हाई."

मास्तरांनी मान हलवली. हसावं की रडावं, त्यांना कळेना.

"अन् नवरानवरीनं दातात धरून विडा तोडायचा कार्यक्रमबी न्हाई," पंत खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तो तुमचा आधीच झालाय."