मानेकडचा पिकअप

गिटारचा एक पिकअप निवडायला माणसाला चौतीस वर्षं का लागावीत, हे लेकीला कधीच कळलं नव्हतं. ती ग्रंथालयात वर्गीकरणाचं काम करायची. पुस्तक हातात आलं की पाच मिनिटांत त्याची जागा ठरवायची, आणि एकदा ठरली की ठरली.

"मला पंधरा दिवस पुरेत," ती आईला म्हणाली. "पहिला आठवडा वाचायचं, दुसऱ्यात मागवायचे, शनिवारी ऐकून एक निवडायचा, रविवारी वाजवायचं. त्यात आहे काय एवढं?"

"हो का," आई म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली.

आईचं 'हो का' हे त्या घरातलं सगळ्यात जुनं वाद्य होतं. त्याला एकच सूर होता, पण तो बरोबर लागायचा.

बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर तपासायचे आणि संध्याकाळी सहा वाजता इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. अशा गिटारच्या तारांखाली दोन पिकअप असतात, म्हणजे चुंबकावर तांब्याची तार गुंडाळलेल्या दोन चपट्या डब्या. तारेची थरथर त्या टिपतात आणि अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याकडे पोचवतात. खालच्या टोकाचा पिकअप तडतड बोलतो. मानेकडचा गोल, सावकाश बोलतो, आणि बाबांचा जीव या मानेकडच्यात होता. तो हंबकर जातीचा, म्हणजे एकाच डबीत दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी बसवलेल्या. एकटीला सोडली तर गुरगुरते, दोघी मिळून एकमेकींची गुरगुर मारतात. "लग्नासारखंच आहे," बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. त्यावरही आई 'हो का' म्हणत असे.

बाबांची तक्रार एकच होती. मानेकडचा दबका येतो. त्यासाठी त्यांनी एक वही ठेवली होती. पहिली नोंद लेक चार महिन्यांची असतानाची: 'मूळ पिकअप अचानक दबला. वय झालं असावं. बदलणे.' पुढे दर तीन-चार वर्षांनी नवा पिकअप आणि नवी नोंद. 'बरा, पण मोकळा नाही.' 'तोंडावर पांघरूण घेऊन बोलल्यासारखा.' 'दुकानात छान होता. घरी आणल्यावर दबला. घराची हवा?' एका वर्षी त्यांनी हवेच्या संशयावरून सोफा या भिंतीचा त्या भिंतीला नेला होता. बदलायचं सोपं जावं म्हणून गिटारच्या पोटात एक लहानसा कनेक्टर बसवून घेतला होता, म्हणजे सोल्डरचा डाग देण्याची कटकट नको, दोन स्क्रू काढले की झालं. स्वतःचा स्वभाव ओळखून असलेल्या माणसाने केलेली ती तरतूद होती. अँपला मात्र ते आयुष्यात हात लावत नसत. लग्नाआधी एकदा शॉक बसला होता.

असे नऊ पिकअप झाले. नववा काढून त्यांनी बिस्किटांच्या डब्यात टाकला, दहाव्यासाठी वहीत तीन नावं लिहिली, आणि निवड करायच्या आतच गेले. गिटार वर्षभर भिंतीवर तशीच टांगलेली होती. मानेखाली चौकोनी भोक.

पंधरा दिवसांनी येणाऱ्या रविवारी बाबांना जाऊन वर्ष होत होतं. बाबांचे दोन दोस्त येणार होते आणि बाबा रोज सहाला वाजवायचे ती संथ चाल सगळे मिळून एकदा वाजवणार होते. गिटार लेकीने धरायची, कारण तेवढी एकच चाल बाबांनी तिला शिकवली होती. लहानपणी पलीकडच्या खोलीत अभ्यास करताना तिने ती भिंतीतून ऐकली होती, हजारो वेळा. बाबांचा चेहरा आठवायला फोटो होते. आवाजाचं तसं नव्हतं. तो दर महिन्याला थोडा थोडा निसटत होता. तो तिला एकदा ऐकायचा होता.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. आईला सांगितलं, की गिटारला भोक बरं दिसत नाही.

वाचन सुरू झालं. पिकअपवर जगात इतकं लिहिलं गेलं असेल अशी तिला कल्पना नव्हती. एकाच पिकअपला एकाने मधासारखा म्हटलं होतं, दुसऱ्याने लाकडाच्या धुरासारखा, तिसऱ्याने ओल्या मांजरासारखा. तिघंही आपापल्या मतावर ठाम. लेकीने सत्तावीस कार्डं तयार केली, चुंबकाप्रमाणे लावली, मग गुंडाळ्यांप्रमाणे लावली, मग मांजरं वेगळी काढली. शेवटी वहीतले तिन्ही पिकअप मागवले. न आवडले तर दुकानदार परत घेणार होता. अँप खरखरत होता म्हणून तो कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे टाकला.

बुधवारी रेडिओवाला अँप घेऊन स्वतः दारात आला. लेक तेव्हा दुकानदाराशी फोनवर बोलत होती.

"आतून सगळा साफ केला," रेडिओवाला म्हणाला आणि एक कापडी पिशवी पुढे केली. "हे आत होतं. अँप फार तापणारा नाही म्हणून निभावलं."

लेकीने फोन मानेत धरून पिशवी घेतली आणि तशीच आईकडे दिली. आईने आत डोकावून पाहिलं, पिशवीचं तोंड आवळलं आणि ती घेऊन आत गेली.

"काय होतं?" लेकीने नंतर विचारलं.

"चिंधी," आई म्हणाली.

शनिवारी तीन वाजता परीक्षक मंडळ आलं. दातकाका दातांचे डॉक्टर होते आणि बाबांच्या साथीला बेस गिटार वाजवत. टपालकाकांनी अडतीस वर्षं टपालावर शिक्के मारले होते, त्याच मनगटावर ते ड्रम वाजवत. लेकीने दोघांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, म्हणजे कुठला पिकअप लावलाय ते दिसू नये.

"शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटतंय," टपालकाका म्हणाले.

"तुला सवय असेल," दातकाका म्हणाले. "वाजव गं पोरी."

तिने पहिला बसवला, मधवाला. चालीच्या चार ओळी वाजवल्या. दोघंही भिंतीकडे बघत राहिले.

"स्वच्छ आहे," दातकाका म्हणाले. "फार स्वच्छ. असले दात दिसले की मी ओढून बघतो."

"पत्ता बरोबर आहे," टपालकाका म्हणाले. "राहणारा माणूस दुसरा आहे."

दुसरा बसवला. तिसरा बसवला. तिन्ही उजळ, खणखणीत, मोकळे. बाबांना हवे होते अगदी तसे, आणि बाबांचा एकही नाही. लेकीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून विचार केला. वर्गीकरणाचा नियम असा, की शंका आली की मूळ प्रत बघावी. तिने बिस्किटांचा डबा उघडला. आत बाबांनी स्वतः वाजवलेले नऊ होते. यातला प्रत्येक कधी ना कधी बाबांचा आवाज होताच. मग प्रश्न कुठे उरला?

प्रश्न नऊच्या नऊ वेळा उरला. चौथा लावला, नाही. पाचवा लावला, नाही. सातव्याला एक स्क्रू सोफ्याखाली गेला आणि तो शोधताना तिने पिकअपवर ठेवलेल्या नावांच्या चिठ्ठ्याही उधळून सोफ्याखाली गेल्या. तेव्हापासून कुठला पिकअप कुठला हे सांगणं फक्त देवाच्या हाती होतं.

"तारा नव्या घातल्यास का?" दातकाकांनी विचारलं.

"जुन्याच आहेत."

"तो वाजवताना बूट आपटायचा," टपालकाका म्हणाले. "बूट घालून बघ."

तिने बाबांचे बूट घातले. आवाज तोच आला, वर बुटांचा आला. मग दातकाकांना आठवलं की सोफा पूर्वी दुसऱ्या भिंतीला होता. सोफा हलवला. मग टपालकाकांना आठवलं की तो त्याहीपूर्वी इथेच होता. सोफा परत आणला. दोघांच्या वयाची बेरीज एकशे पंचेचाळीस होती, त्यामुळे त्यानंतर थोडा वेळ कुणीच काही सुचवलं नाही.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे नुसतंच बाई म्हणत.

"कोण पाहुणे आलेत?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही बाई. मीच वाजवतेय. बाबांचीच गिटार."

"बाबांची?" बाईंनी चष्मा नीट केला. "तुझे बाबा इतकी वर्षं डोक्यावर वाजवत होते, माझी कधी तक्रार नव्हती. कसं लोकरीतून यायचं ते. ही तर शाळेची घंटा आहे."

"बसा बाई," टपालकाका थकून म्हणाले. "आम्ही पण तेच म्हणतोय. भिंतीकडे तोंड करून बसा."

बाई बसल्या. मुख्याध्यापिकेला भिंतीकडे तोंड करून बसवण्याचं भाग्य टपालकाकांना आयुष्यात पहिल्यांदाच लाभलं होतं, पण त्याचा आनंद घेण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

बारावा पिकअप झाला. तिन्ही माना तीनदा नकारार्थी हलल्या. लेक जमिनीवर बसली. बाबांचे बूट तिला तीन अंगुळं मोठे होते. भोवती अकरा पिकअप पसरले होते आणि हातात स्क्रूड्रायव्हर होता.

"बाबांचा आवाज सापडत नाहीये," ती म्हणाली. पुस्तक जागेवर नाही हे सांगावं तितक्या सरळ सुरात म्हणाली, पण पुढचं वाक्य तिला जमलं नाही.

स्वयंपाकघराच्या दारात आईचे वाटाणे थांबले. आईने ताटली खाली ठेवली, हात पुसले आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात बुधवारची कापडी पिशवी होती. तिने आतून एक दुपटं काढलं. पिवळं, कडेला बदकं. बदकं जवळपास पुसली गेली होती.

"हे तुझं," आई म्हणाली. "अँपच्या जाळीमागे होतं. स्पीकरच्या तोंडावर."

लेकीने एका बदकावरून बोट फिरवलं.

"तू चार महिन्यांची होतीस. सहाला कशीबशी झोपायचीस, आणि सहालाच हे सुरू करायचे. त्यांना वाजवू नका म्हणायला माझी जीभ रेटेना. मग एक दिवस हे कामावर गेल्यावर त्यांच्याच स्क्रूड्रायव्हरने जाळी काढली, दुपट्याची घडी आत बसवली, जाळी लावली. त्या संध्याकाळी तू नऊपर्यंत झोपलीस. म्हटलं, महिनाभराने काढू."

"मग?"

"मग त्यांनी पिकअप बदलला."

"आई, तेव्हा सांगायचं ना."

"तेव्हा कसं सांगणार? इतके खुशीत होते. दोन दिवस माझ्यामागे फिरत होते, बघ कसा मोकळा येतो, बघ कसा मोकळा येतो."

"वहिनी," दातकाका खोल आवाजात म्हणाले, "त्याने नऊ पिकअप बदलले. एकदा मी माझा दवाखाना बंद ठेवून त्याच्याबरोबर दुकानं हिंडलोय."

"सोफा," टपालकाका म्हणाले. "सोफासुद्धा."

"सांगितलं असतं तर बदलणं थांबलं असतं," आई म्हणाली. "मग सुट्टीच्या दिवशी काय केलं असतं त्यांनी? माझ्या स्वयंपाकघरात आले असते." तिने दुपट्याची एक कड सरळ केली. "आणि पुढे पुढे मला तो तसाच आवडायला लागला."

बाईंनी भिंतीकडे बघतच मान डोलावली. हे उत्तर त्यांना पूर्ण गुणांचं वाटलं असावं.

लेकीने जाळीचे चार स्क्रू काढले, दुपटं ठेवलं, जाळी लावली आणि चाल सुरू केली. दोन्ही काकांची पाठ ताठ झाली. जवळ आला होता. अगदी जवळ. पण पूर्ण नाही.

"एवढासा कमी पडतोय," टपालकाका म्हणाले. "नखभर."

लेकीने आईकडे पाहिलं.

"धुतलं मी ते," आई म्हणाली. "गुरुवारी. पस्तीस वर्षांची धूळ होती. धुतल्यावर जरा विरलं."

दातकाकांनी डोळे मिटले. लेक हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिली. आई पुन्हा आत गेली. या वेळी कपाटाचं दार वाजलं. डावीकडचं, बाबांचं. त्या दाराचा करकर आवाज लेकीने वर्षभरात ऐकला नव्हता. कपड्यांचं काय करायचं असं तिने दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा 'हो का' असं उत्तर मिळालं होतं.

आई बाहेर आली ती बाबांचा तपकिरी अर्धा स्वेटर घेऊन. खुर्चीत बसून तिने तो मांडीवर पसरला, बाह्यांच्या जागा आत दुमडल्या, कडेला कड जुळवली, घडीवरून एकदा हात फिरवला.

"हा घाल," ती म्हणाली. "दुपट्याच्या पुढे. न धुतलेला आहे."

लेकीने स्वेटर बसवला, जाळी लावली, गिटार मांडीवर घेतली. कुठला पिकअप बसलाय हे विचारण्याचं भान कुणाला नव्हतं, आणि विचारलं असतं तरी चिठ्ठ्या सोफ्याखाली होत्या.

तिने पहिला सूर वाजवला.

तो भिंतीपलीकडून आल्यासारखा आला. गोल, सावकाश, जरासा दमलेला. वाजवणाऱ्याला पलीकडच्या खोलीत जाऊन बसता येत नाही, पण या आवाजाने भिंत बरोबरच आणली होती. तिसऱ्या ओळीत ती चुकली. बाबाही तिथेच चुकायचे. टपालकाका मांडीवर दोन बोटांनी ताल धरत होते. बाई अजून भिंतीकडेच बघत होत्या, चष्मा मात्र हातात होता. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लोटून घेतलं. वाटाणे सोलल्याचा आवाज मात्र आला नाही.

चाल संपली.

मग दातकाका खाकरले.

"बाकी सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त मानेकडचा जरा दबका नाही वाटत? बदलून बघायचा का?"

"हो का," दारामागून आई म्हणाली.