सुलोचनाबाईंचा सोळा सेकंदांचा ‘आ’

विज्ञानात ज्याची नोंद नाही ते घडलेले नसते, आणि नोंद करायची तर आधी रकाना लागतो. साकोलीजवळच्या विद्यापीठ उपकेंद्रातील आवाज व वाणी प्रयोगशाळेने हे सत्य फार लवकर ओळखले. तिच्या सहामाही उपलब्धी-पत्रकात नऊ रकाने आहेत : शोधनिबंध, भित्तिपत्रे, पारितोषिके, परिषदांतील उपस्थिती, त्या उपस्थितीबद्दल झालेले सत्कार, प्रमाणपत्र-वितरण वगैरे. मागच्या सहामाहीत एकूण तेवीस उपलब्धी झाल्या. पैकी सात बाकीच्या सोळांचे अभिनंदन करणाऱ्या होत्या. प्रत्येक उपलब्धीचा फ्लेक्स भिंतीवर लागतो, त्यामुळे महामार्गावरच्या ट्रकांचे हॉर्न बरेच कमी ऐकू येतात. (ध्वनिरोधक खोलीचा प्रस्ताव मंजुरीच्या मार्गावर आहे. मार्ग लांब आहे.)

कीर्ती तीन वर्षे तिथे संशोधन करत होती आणि तिच्या नावाचा एकही फ्लेक्स भिंतीवर नव्हता. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती. वाढवून घ्यायची तर निदान एक पारितोषिक पाहिजे होते. विषय भक्कम होता : प्राथमिक शिक्षिकांच्या आवाजाची झीज. सुरुवातीला बारा शिक्षिका होत्या. चौघींची बदली झाली, दोघी बाळंतपणाला गेल्या, पाच जणींना निवडणुकीचे काम लागले. उरल्या सिहोऱ्याकडच्या एका शाळेतल्या सुलोचनाबाई. तेव्हा प्रबंधाच्या शीर्षकात ‘सखोल’ हा शब्द घालण्यात आला.

बावीस वर्षे तिसरीला शिकवणाऱ्या सुलोचनाबाईंच्या वर्गात अठ्ठावन्न मुले होती. एका श्वासात त्या किती वेळ ‘आ’ धरतात, हे कीर्ती मोजत असे. जूनमध्ये अकरा सेकंद भरले, सप्टेंबरमध्ये आठ. जानेवारीत पाच आले असते तर आलेख विहिरीच्या पायऱ्यांसारखा सुबक उतरला असता आणि पारितोषिक कुठे जात नव्हते.

डिसेंबरात बाई बोलावल्याशिवायच आल्या, दोन एसट्या बदलून.

“मले पोरं आयकूनच नाही राहिले ना वो,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “काल डस्टर आपटू आपटू शिकवलं. आवाज गेला त मास्तरीन कायची मी? पुतळा बसवा म्हनावं माया जागी, तो खडूबी नाही मागत.”

उपाय कीर्तीला माहीत होता, पाठ्यपुस्तकात दीड पान आहे : तीन आठवडे रजा, भरपूर पाणी, आणि रोज बाटलीतल्या पाण्यात नळी बुडवून हुंकार देत बुडबुडे काढणे. पण निरीक्षकाने हस्तक्षेप करू नये, असेही पद्धतीच्या प्रकरणात लिहिले होते, आणि ते प्रकरण तिचेच होते. तिने कोल्ड्रिंकच्या दुकानातून नळी आणली आणि बाईंना बुडबुडे काढून दाखवले.

जानेवारीत बाईंचा ‘आ’ सोळा सेकंद टिकला. कीर्तीने यंत्र तपासून पुन्हा मोजला. सोळाच.

प्रयोगशाळेचे प्रमुख कृष्णराव सर आलेख बराच वेळ उलटासुलटा करून पाहत राहिले.

“हे काय झालं?”

“बऱ्या झाल्या सर त्या.”

“ते दिसून राहिलं मले. पन कोन्त्या रकान्यात लिहू, तूच सांग पोरी.”

नऊही रकाने पाहण्यात आले. बऱ्या झालेल्या माणसासाठी जागा नव्हती. ‘इतर’ होता, पण त्यात वॉटर कूलरचे उद्घाटन होते. सर मनाने मोठे असल्याने त्यांनीच तोड काढली : बाईंना प्रमाणपत्र द्यावे, म्हणजे प्रमाणपत्र-वितरणात एक भर पडेल. कीर्तीने ते आनंदाने टाइप केले. ‘आवाज पूर्णतः सक्षम’ या ओळीखाली परीक्षक म्हणून तिचे नाव आले.

ते प्रमाणपत्र मुख्याध्यापक हेमराज सरांनी काळजीपूर्वक वाचले. शेजारच्या वर्गाच्या बाई बदलून गेल्या होत्या आणि छत्तीस मुले वाऱ्यावर होती. ती सक्षम आवाजाखाली आणण्यात आली. एकूण चौऱ्याण्णव.

कीर्तीने फोन लावला.

“कागद तुमच्याच नावाचा हाये ना मॅडम?” हेमराज सर म्हणाले. “मंग मी दुसरी बाई कोन्त्या तोंडानं मागू?”

“ते त्यांच्या जुन्या वर्गापुरतं होतं सर.”

“तसं लिहिलं नाही तुम्ही. आता लिहून द्या का बा, तपासनी चुकली.”

तपासणी चुकली असे लिहून दिले तर सोळा सेकंद गेले, प्रबंध गेला आणि मार्चही गेला. कीर्तीने विचार करायला दोन दिवस मागितले. दोन दिवसांचे पाच आठवडे झाले.

फेब्रुवारीअखेर ‘आ’ चार सेकंदांवर आला. अकरा, आठ, सोळा, चार. एकाच गळ्यात झीज, भरपाई आणि पुन्हा झीज असा नमुना मिळणे दुर्मीळ, असे पारितोषिकाच्या परीक्षकांनी नमूद केले. पारितोषिक मिळाले, शिष्यवृत्ती आणखी दोन वर्षांसाठी वाढली. (त्याच बाईंवर पुढील अभ्यास करण्याच्या अटीवर.) चोविसावा फ्लेक्स कीर्तीचा लागला.

सत्काराच्या दिवशी सुलोचनाबाईंना दोन शब्द बोलायला माईकपुढे उभे केले. त्यांचे ओठ हलले. मागच्या रांगांमधल्या गप्पांत ते कुणाला कळले नाही, आणि ओठ थांबल्यावर टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

नंतर कीर्तीने त्यांना विचारले, ऋणनिर्देशात आणखी कुणाचे नाव घालू? बाईंनी तिचे पेन घेऊन कागदावर लिहिले, ‘बावीस वर्सातल्या साऱ्या पोरायचं.’

इतकी नावे छापणे शक्य नव्हते. म्हणून जे कोणी कधीकाळी तिसरीच्या वर्गात बसले होते, त्या सर्वांची प्रयोगशाळा आभारी आहे. आपण बाईंच्या कितव्या ‘गप्प बसा’ला गप्प बसलो, हे वाचकाने आठवून पाहावे. आठवत नसेल तर हरकत नाही. बाईंना आठवते, आणि त्या आता कुणाला सांगणार नाहीत.