सुगंधाचा सिग्नल

सुगंधा गेली तेव्हा मी चारकोपच्या नव्वद फुटी रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर उभा होतो. हातात पेजेचा डबा. मागे आमची बिल्डिंग, समोर हॉस्पिटल, तिसऱ्या मजल्यावर तिची खिडकी. अर्धा रस्ता ओलांडून झाला होता. उरलेला अर्धा गाड्या ओलांडू देत नव्हत्या.

मुलीचा, जान्हवीचा फोन आला.

"बाबा, कुठे आहात?"

"समोर. खिडकीतून बघ, दिसेन."

ती खिडकीत आली. मला बघितलं आणि फोनवरच म्हणाली, "बाबा, आई गेली."

त्यानंतर आणखी सात मिनिटं मी तिथेच उभा होतो. मग एक पाण्याचा टँकर बंद पडला, मागच्या गाड्या अडकल्या, आणि मी पोचलो. पेज अजून गरम होती.

राग कोणावर काढायचा ते पुढचे तीन महिने कळेना. टँकरवाल्यावर नाही, एवढं नक्की.

मग तिच्या फायलीत एक अर्ज सापडला. चार वर्षांपूर्वीचा, वॉर्ड ऑफिसच्या शिक्क्यासकट. "या ठिकाणी पायी जाणाऱ्यांसाठी सिग्नल बसवावा." मी रस्त्याला शिव्या घालायचो तेव्हा ती म्हणायची, "अहो, रस्त्याला ऐकू येत नाही. लिहून द्यायला लागतं." तिने दिलं होतं. मला सांगितलंही नव्हतं.

अर्ज घेऊन मी वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथला इंजिनियर धवल स्वभावाने बरा, पण स्क्रीनवरून नजर वर उचलायची म्हणजे वरिष्ठांची परवानगी लागावी असा.

"काका, आता शाश्वत वाहतुकीचा आराखडा होतोय. त्यात चालणाऱ्यांना पहिलं स्थान आहे. मंगळवारी तुमच्या नाक्यावर मोजणी, सकाळी आठ ते दहा. आकडा आला की झालं काम."

"किती आला पाहिजे?"

"भरपूर."

भरपूर तर भरपूर. मी पस्तीस वर्षं इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर होतो. मशीनला जे लागतं ते दिलं की मशीन चालतं. यांना माणसं लागतात ना, मग माणसं देतो. माझ्या हातात आलेलं एकही मशीन बंद राहिलेलं नाही.

गावठाणातल्या जोआनाला गाठलं. ती सुगंधाची मैत्रीण, चर्चच्या गायक मंडळाची प्रमुख.

"मंगळवारी रस्ता ओलांडायला माणसं हवीत."

"किती वेळा ओलांडायचा?"

"दमेपर्यंत."

"सुगंधासाठी ना? चाळीस जणं आणते. आमच्यातले खालच्या पट्टीतले जरा हळू चालतात, सांभाळून घे."

आमचं भजनी मंडळ, हास्य क्लब, कॅरमवाले, सगळे मिळून सव्वादोनशे माणसं झाली. मोजणीवाली गार्गी रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसली होती, हातात अंगठ्याने दाबायचं मोजणीचं यंत्र. आठच्या ठोक्याला मी हात वर केला आणि आम्ही उतरलो. गेलो. वळलो. परत आलो. एवढी माणसं बघून गाड्या मुकाट थांबल्या. सुगंधासाठी एकदा थांबल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

सव्वाआठला ट्रॅफिक हवालदार नंदू धावत आला.

"मोर्चा कोणाचा?"

"मोर्चा नाही. रस्ता ओलांडतोय."

"ओलांडून झाला की. परत का येताय?"

"डबा विसरला."

"आमचापण," मागून अख्खं भजनी मंडळ म्हणालं.

चौदाव्या फेरीला आमच्या बिल्डिंगचे अण्णा, वय ब्याऐंशी, डोक्यावर माकडटोपी, रस्त्याच्या मध्येच थांबले. "दत्ताराम, माझा घर खंयच्या बाजूक रे?"

"मागच्या."

"आता मागची खंयची?"

जोआनाने त्यांना आपल्या लोकांत घेतलं. दोन फेऱ्या झाल्यावर घरी नेऊन जेवायलाही घातलं. अण्णा संध्याकाळी परतले आणि पुन्हा असं कधी आहे ते विचारू लागले.

दहा वाजता आकडा झाला चार हजार दोनशे बारा. गार्गीचा अंगठा सुजला होता.

"काका, रोज इतके असतात?"

"आज जरा कमीच आहेत," मी ठोकून दिलं.

दोन महिन्यांनी अहवाल आला. एवढ्या माणसांसाठी सिग्नल दिला तर वाहनं खोळंबतील, सबब पादचारी पूल बांधावा.

दीड वर्षात पूल झाला. एका बाजूला बासष्ट पायऱ्या. लिफ्ट पुढच्या टप्प्यात. पुलाचा खांब नेमका बस स्टॉपच्या जागी आला, म्हणून स्टॉप अर्धा किलोमीटर पुढे ढकलला. दुभाजकावर छातीएवढं रेलिंग ठोकलं, कोणी खालून जाऊ नये म्हणून. हॉस्पिटलला जाणारी माणसं आजारी असतात, हे एवढ्या मोठ्या आराखड्यात कोणालाच सुचलं नाही. चालणाऱ्यांना पहिलं स्थान देणार होते, ते दिलं. बावीस फूट वर. जमीन गाड्यांना.

उद्घाटनाला मला जागरूक नागरिक म्हणून बोलावलं. नारळ वर फुटणार होता. मी एकतिसाव्या पायरीवर बसलो. जोआनाची माणसं तर खालीच राहिली होती. तेवढ्यात गार्गी शेजारी येऊन बसली.

"काका, त्या दिवशी सगळे तुम्हीच आणलेले ना? माकडटोपीवाले आजोबा मी सोळा वेळा मोजले. जो ओलांडेल तो मोजायचा, असा नियम आहे."

"सिग्नल हवा होता. माझ्या बायकोने अर्ज केला होता."

तिने खाली दुभाजकाच्या रेलिंगकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमचे लोक वगळले तरी साडेसहाशे झाले होते."

"मग?"

"सिग्नलला पाचशे पुरत होते."

"धवल म्हणाला, भरपूर पाहिजेत."

"धवल सगळ्यालाच भरपूर म्हणतो, काका."

वर नारळ फुटला. टाळ्या झाल्या. मी हळूहळू एकतीस पायऱ्या उतरलो.

हे मी जान्हवीला अजून सांगितलेलं नाही. रेलिंगचे दोन गज मध्यंतरी कोणीतरी कापले. नंदू हवालदार म्हणतो, काम फिटरचं दिसतं. असेल. चारकोपात फिटर भरपूर आहेत.

सुगंधाच्या अर्जापुढे ऑफिसात "निकाली" असं लिहिलंय. नवा अर्ज मी लिहायला घेतलाय, पण तिच्यासारखं अक्षर येत नाही, चार कागद फाडून झाले. सिग्नल अजून बसलेला नाही.