रफिकभाई लाइव्ह आहेत

आमच्या पारोळ्यात कबड्डीचा सामना दोघंच थांबवू शकतात. एक पंच, दुसरे रफिकभाई.

मागच्या वर्षी एक पोरगा चढाईला गेला होता. तोंडाने 'कबड्डी, कबड्डी' चाललेलं, आणि मोबाईलवर सामना लाइव्ह दाखवणारे रफिकभाई माईकवरून ओरडले, "थांब रे भाऊ! नेट अटकनं! लोके तुले अजून रेषवरच देखी ऱ्हायनात!" तो बिचारा खरंच थांबला. समोरच्या सात जणांनी त्याला अलगद धरलं. त्या एका गुणावरून जो वाद पेटला, तो शाळेचा क्रीडाशिक्षक म्हणून मला मिटवावा लागला. रफिकभाईंना मात्र आपली चूक शेवटपर्यंत कळली नाही. "सर, ज्यास्नी देखंच नही, त्यास्नाकरता तो आउट कसा झाया?"

रफिकभाई शिंपी आहेत. घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि माईकवर किंवा खेळाचा विषय निघाला की कुठेही अहिराणी. गावातल्या निम्म्या पोरांचे गणवेश त्यांच्याच मशीनवर शिवले गेले, त्यामुळे त्यांच्या समालोचनात मापं येतात. "उना, उना! छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, वाऱ्यासारखा उना!" 'उना' म्हणजे आला. एका जाड्या खेळाडूची कंबर त्यांनी एकदा जाहीर केली, तेव्हापासून तो गणवेश अमळनेरला शिवून घेतो.

तीस वर्षं ते भोंग्यावर बोलले. तो आवाज फार तर बस स्टँडपर्यंत जायचा. एकदा शहरातून टीव्हीवाल्यांची मोठी गाडी आली होती. डोक्यावर तबकडी, मैदानभर केबली, आणि आम्हाला 'बाजूला व्हा' म्हणणारी चार माणसं. बातमीत दिसला तो प्रमुख पाहुण्यांचा हार. रफिकभाई आठवडाभर गिऱ्हाइकांना विचारत होते, "खेळ कोठे गया?"

आता त्या गाडीचं सगळं काम रफिकभाईंच्या दोन मोबाईलवर होतं. एक मैदानाकडेला आणून ठेवलेल्या जुन्या शिलाई मशीनच्या पायावर घट्ट बांधलेला, दुसरा नेट पुरवायला. सुरुवात ठरलेली, पोटासाठी बाहेरगावी गेलेल्यांना उद्देशून. "सुरत, वापी, नाशिक, पुणं, बठ्ठा भाऊबहिनीस्ले राम राम, सलाम. दिसी ऱ्हायनं का?" हे 'दिसी ऱ्हायनं का' इतकं अंगवळणी पडलंय, की दुकानात ट्रायल घेतानाही ते गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून तेच विचारतात.

त्यांचं घर मैदानाला लागून. भाभींना गलका आधी खिडकीतून ऐकू येतो आणि चढाई मागून मोबाईलवर दिसते. त्यांनी एकदा टोकलं, तर म्हणाले, "अर्धा मिनिट शिळं शे, पन ताजं शे."

यंदा तालुक्याचा मुलींचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. आमची कर्णधार मनीषा. तिचे वडील सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला. रजा मिळाली नव्हती. आई, सखूबाई, पहिल्या रांगेत बसली होती.

मध्यंतरानंतर पाहतो तर मैदानाभोवती मुंगी शिरायला जागा नाही. आणि जो तो मोबाईल वर धरून चित्रण पाठवतोय. व्हायचं तेच झालं. रफिकभाईंचं चित्र अडकलं. स्क्रीनवर गोल चक्र फिरू लागलं. गुण बरोबरीत, चार मिनिटं बाकी.

मला वाटलं, आता हे पुन्हा सामना थांबवणार. मी पळतच त्यांच्याकडे गेलो. पण त्यांनी पंचाकडे बघितलंही नाही. लोकांकडे तोंड करून म्हणाले, "बठ्ठास्नी आपापलं नेट बंद करा."

कोणी हललं नाही. एक जण हसलासुद्धा.

रफिकभाईंचा आवाज खाली आला. "तुम्ही आठे, मैदानवरच शेत. सोताना डोयाघाई देखा. मनीषाना बाप सुरतले मशीनपान उभा शे. त्याना डोया हाऊ एकच मोबाईल शे."

सखूबाईने सर्वांत आधी आपला मोबाईल बंद करून मांडीखाली ठेवला. मग तिच्या शेजारणीने. मग रांगच्या रांग. झाडावर चढलेल्या पोरांनीही मोबाईल खिशात घातले. चक्र थांबलं आणि चित्र धावू लागलं. पंचवीस वर्षं मी या मैदानावर शिट्टी वाजवतोय, पण माझ्या गावाचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

शेवटच्या चढाईत मनीषा दोघींना शिवून, तिसरीला ओढत रेषेवर पडली. आम्ही जिंकलो! आमचं ओरडून झालं, मग अर्ध्या मिनिटाने मोबाईलवर कमेंटांमधून सुरत ओरडू लागली.

बक्षिसं झाली, मंडप सुटू लागला. मी रफिकभाईंना मिठी मारायला गेलो, तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मोबाईल मशीनच्या पायावरून सोडून त्यांनी हातात घेतला होता. चालू होता. निघालेल्या माणसांसमोर ते एकेक करून तो धरत होते. स्वतः एक अक्षर बोलत नव्हते. फक्त एका म्हातारीला म्हणाले, "माय, पदर जरा मांगे ले. तोंड दिसू दे."

"रफिकभाई, सामना संपला की," मी म्हणालो.

"खेळ तर पेपरमाबी वाचता येई, सर." त्यांनी मोबाईल छातीशी आडवा धरला. "मी आठ वरीस सुरतले व्हतू. घरनं पत्र ये. दर पत्रमा एकच, माय बरी शे. घर उनू तव्हय दारमा एक पांढरा केसनी बाई बसेल व्हती. मी तिलेच विचारं, 'माय कोठे शे?'"

मी त्यांच्या वाटेतून बाजूला झालो.

फाटकापाशी एक बाई वाकून चपला शोधत होती. रफिकभाई मोबाईल सावरत हळूहळू तिच्याकडे चालू लागले.